बावीस मीटर गुलाबी

आमच्या चोंग-बुलाक गावात दुकान एकच, आणि ते माझं. कुणाचं पोट बिघडलंय, कुणाकडे पाहुणे आलेत, कुणी नवऱ्याशी अबोला धरलाय, हे मला विचारावं लागत नाही. लोक काय मागतात त्यावरून कळतं. म्हणून त्या सोमवारी सकाळी ओर्मोन बाइके आत आले, बिस्किटांच्या फळीकडे बघत उभे राहिले आणि आवाज बारीक करून म्हणाले, "बुरुल, ब्लीच आहे का? दोन बाटल्या?" तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

ओर्मोन बाइके, म्हणजे ओर्मोनदादा, शाळेत खेळाचे मास्तर. छप्पन्न वर्षांचे, माझ्या दुकानाच्या दारातून तिरके होऊनच आत येतात एवढे रुंद. जिल्ह्याच्या कुस्त्यांना पंच म्हणून जातात आणि त्यांनी "सोड!" म्हणून हाळी दिली की नदीपलीकडच्या मेंढ्यासुद्धा चरायच्या थांबतात. असा माणूस कुजबुजत होता.

"ब्लीच कशाला, बाइके?"

"शाळेचे संडास."

"शाळेला शिपाई आहे की."

"आजारी आहे."

शिपाई म्हणजे माझा चुलतदीर. अर्ध्या तासापूर्वी माझ्याच पायरीवर बसून तो सूर्यफुलाच्या बिया फोडत होता आणि टरफलं माझ्या झाडलेल्या अंगणात थुंकत होता. पण नेमका पाव घेऊन येणारी गाडी आली होती, दुकानात ही झुंबड. मी दोन बाटल्या काढून दिल्या. पुढे जे झालं त्यातला निदान पाव हिस्सा माझ्या माथी आहे, हे आधीच कबूल करते.

दुपारी ते पुन्हा आले. आता त्यांना रबरी हातमोजे हवे होते. डोळे लाल झालेले, अंगाला ब्लीचचा भपका. हातमोजे घेतल्यावरही ते जाईनात.

"बुरुल, पिवळं घालवायला काही असतं का गं?"

"कशावरचं पिवळं?"

"असंच. सर्वसाधारण पिवळं."

ते गेले तशी मी दुकानाला कडी घातली आणि त्यांच्या मागोमाग निघाले.

त्यांच्या अंगणात शिरले आणि दारातच थबकले. सफरचंदाच्या झाडापासून गोठ्याच्या खांबापर्यंत, खांबापासून पुन्हा झाडापर्यंत, अशा चार फेऱ्या घालून एक लांबच लांब कापड वाळत घातलं होतं. पातळ, झुळझुळीत. आणि गुलाबी. बीटाच्या रसात दूध ओतावं तसं गुलाबी. त्यावर मधूनमधून ताटाएवढे पांढरे चट्टे, आणि त्या पांढऱ्याच्या कडेला पिवळट झालर. तापलेल्या तव्यावर अंडी फोडत सुटावं, तसं दिसत होतं ते.

"बाइके, हे काय आहे?"

"तुला काय वाटतंय?"

"मला वाटतंय ते नसू दे."

"तेच आहे," म्हणाले आणि उलट्या बादलीवर मटकन बसले.

तो त्यांच्या सासूचा, झूराकान आपाचा एलेचेक होता. बावीस मीटरचा पांढराशुभ्र फेटा. आता आमच्या खोऱ्यात असला फेटा रोज कुणी गुंडाळत नाही. लग्नाला, मोठ्या जेवणावळीला म्हाताऱ्या बायका पेटीतून काढतात. पण आपाचा फेटा वेगळाच. तो तिच्या डोक्यावर चढला की तिच्यापुढे आमदारसुद्धा मान खाली घालून बोलतो. येत्या रविवारी तिची ऐंशी वर्षं साजरी व्हायची होती. एक घोडी आणि सहा मेंढ्या कापायच्या ठरल्या होत्या, तीन जिल्ह्यांतून नातेवाईक यायचे होते. आपा राहते नदीपलीकडच्या चढावर, धाकट्या मुलाकडे. फेटा मात्र तिने धुवायला लेकीकडे पाठवला होता. का, तर "सुनेचा काय भरवसा, मशीनमध्ये टाकायची."

लेक म्हणजे ओर्मोन बाइकेंची बायको, शार्कान एजे, आमची शार्कानताई. तिने फेटा घरी आणून ठेवला आणि शनिवारी बिश्केकहून फोन आला की मुलगी दवाखान्यात, बाळ दहा दिवस आधीच यायचं म्हणतंय. एजे तशीच निघाली. निघताना गाडीच्या खिडकीतून नवऱ्याला तीनदा बजावून गेली: "त्या कापडाला हात लावू नका. मी येते पुढच्या शनिवारी, मी धुते."

"मग लावलात कशाला हात?"

ओर्मोन बाइके हातमोज्यांची बोटं ओढत बसले. "तीस वर्षं मी तिला म्हणत आलो, बुरुल. कपडे धुण्यात काय आहे? मशीन धुतं, माणूस नुसतं बटण दाबतं. म्हटलं, परत येईल तेव्हा फेटा धुतलेला, इस्त्री केलेला, घडी घालून ठेवलेला दिसेल. म्हातारी पण एकदा तरी म्हणेल, जावई कामाचा निघाला."

"आणि गुलाबी कसा झाला?"

"पाणी वाचवावं म्हटलं. कुस्तीच्या पोरांच्या नव्या जर्सी आल्यात. त्या पण टाकल्या सोबत."

"रंग कुठला जर्सींचा?"

"लाल."

"किती होत्या?"

"बारा."

"आणि पाणी?"

"कडकडीत. मळ जायला नको?"

मी कपाळाला हात लावला. पण अजून एक गोष्ट बाकी होती, ती त्यांनी हळूच सांगितली. मशीनमधून गुलाबी कापड निघालं तेव्हा त्यांना वाटलं, ओलं आहे म्हणून असं दिसतंय, वाळलं की जाईल. मग उन्हात वाळवलं. वाळून तसंच राहिलं, तेव्हा वाटलं सुरकुत्यांमुळे दिसतंय. मग बावीसच्या बावीस मीटरला इस्त्री केली. चांगली, वाफेची.

"रंग पक्का केलात की हो! ओलं असतानाच पुन्हा थंड पाण्यात टाकलं असतंत तर निम्मा तरी निघाला असता. आणि ब्लीच कसं घातलंत? पाण्यात मिसळून?"

"थेट. जिथे जास्त गुलाबी होतं तिथे."

ते ताटाएवढे चट्टे म्हणजे तेच. एका चट्ट्यावर मी बोट घासलं तर कापड विरल्यासारखं लागलं. आणखी एक दिवस ब्लीच राहिलं असतं तर फेट्याची जाळी झाली असती. आम्ही दोघांनी मिळून तो गठ्ठा अंगणामागच्या पाटावर नेला आणि वास जाईपर्यंत वाहत्या पाण्यात खळबळला. बर्फाचं पाणी ते. माझी बोटं बधिर झाली. ओर्मोन बाइकेंनी मला शपथ घातली की हे कुणाला सांगायचं नाही. मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं, पण नवरा म्हणजे काही कुणी नव्हे.

पण बावीस मीटरचं गुपित झाकून झाकणार किती? मंगळवारी सकाळी शेजारच्या तुर्दुबेकने भिंतीवरून मान काढली. तुर्दुबेककडे नऊ गाई आणि प्रत्येक विषयावर एक मत.

"मास्तर, गुलाबी तंबू शिवताय काय?"

ओर्मोन बाइकेंनी आधी त्याला हाकललं, मग दहा मिनिटांनी स्वतःच बोलावलं. सगळं ऐकून तुर्दुबेक म्हणाला, "हात्तिच्या! एवढंच ना? माझी आई कापड उकळायची. मोठी कढई, साबणाचा कीस, मूठभर सोडा, आणि खाली जाळ. कोळसासुद्धा पांढरा व्हायचा."

सल्ला वाईट नव्हता. कढई वाईट होती. ती तुर्दुबेकचीच, शंभर माणसांचा पुलाव होणारी, आणि पंधरा दिवसांपूर्वी मेव्हण्याच्या लग्नात तीत झालाही होता. घासली होती असं तो अजून म्हणतो. मी दुकान उरकून गेले तेव्हा कढईत फेटा रटारटा उकळत होता, ओर्मोन बाइके फावड्याच्या दांड्याने ढवळत होते, आणि वर चरबीचे सोनेरी डोळे तरंगत होते.

"वास छान येतोय," तुर्दुबेक म्हणाला.

"मेंढीचा येतोय!" मी ओरडले.

नेमका तेव्हा फोन वाजला. शार्कान एजे. ओर्मोन बाइकेंनी आम्हाला गप्प राहायची खूण केली आणि फोन कानाला लावला.

"हां, शार्कान! काय? मुलगी? वा, वा! आजी झालीस की... मी? मी काही नाही, बसलोय नुसता. आवाज? कसला आवाज? चहा ठेवलाय. हो, मोठं भांडं आहे. तहान लागलीय." मग बराच वेळ ऐकत राहिले. "आहे की, आईचं कापड आहे. कुठे जाणार? जिथल्या तिथे आहे." हे बोलताना दांड्याने एक वेढा वर काढून पाहिला आणि परत बुडवला. "नाही गं, हात कशाला लावू?"

फोन ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला. नात झाली होती. आम्ही दोघांनी त्यांना मिठी मारली, तुर्दुबेकने त्यांच्या पाठीत आनंदाने बुक्की घातली, आणि क्षणभर कढईत काय शिजतंय ते तिघंही विसरलो.

उकळल्याने गुलाबी उतरलं, नाही असं नाही. जिथे बीट होतं तिथे आता नुसती लाजलेली मुलगी उरली होती. पण जागोजागी तेलकट पारदर्शक डाग पडले होते. ते मी भांडी घासायच्या साबणाने काढले. डागावर साबण चोळायचा, जरा मुरू द्यायचा, गरम पाण्याने धुवायचा. एकेक करून. सत्तावीस डाग होते; एकदोन शेवटपर्यंत पुरते गेले नाहीत. ओर्मोन बाइके शेजारी बसून घासू लागले. त्यांची बोटं पोळीच्या लाटण्याएवढी, पण पातळ कापड कसं धरायचं ते हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. जोरात घासलं की मी हातावर चापट मारायची.

"कुस्ती नाही खेळायची त्याच्याशी, बाइके."

"माहीत आहे," ते म्हणायचे. मग थोड्या वेळाने, "रोजच्या कपड्यांनासुद्धा इतकं करता तुम्ही बायका?"

"नाही. तुमचे कपडे आम्ही शिव्या देत धुतो."

बुधवारी मी नारीन शहरातून गाडीवाल्याकरवी डाग काढायची ऑक्सिजनची पावडर मागवली. ब्लीचसारखी ती कापड जाळत नाही, पण तिला गरम पाणी आणि धीर लागतो. न्हाणीघरातल्या मोठ्या टबात सहा तास भिजवलं. दर तासाला ओर्मोन बाइके शाळेतून पळत येऊन कापड उलटंपालटं करून जायचे. त्या दिवशी पोरांनी सलग चार तास नुसता फुटबॉल खेळला. मग माझ्या आजीची पद्धत. ओलं कापड गवतावर उन्हात पसरायचं, वाळत आलं की पुन्हा पाणी शिंपडायचं. ऊन आणि गवत मिळून रंग पितात. अंगणात एवढी जागा नव्हती, म्हणून घरामागच्या चढावर पसरलं. सरळ एका रेषेत, खालून वर, कडेला दगड ठेवून.

आता ते सगळ्या गावाला दिसायला लागलं. पलीकडच्या पायवाटेने जाणारे थांबायचे.

"मास्तर, हेलिकॉप्टर उतरणार आहे का?"

"लांब उडीची जागा आखतोय!" ओर्मोन बाइके झारीने पाणी शिंपडत ओरडायचे.

"बावीस मीटर उडी? कोण मारणार?"

"तू पुढे चल!"

गुरुवारपर्यंत बरंच साधलं होतं. एका टोकाचा बराच भाग खरोखर पांढरा झाला होता. मधे मात्र फिकट गुलाबी, आणि ब्लीचचे ते चट्टे अजून ओळखू यायचे. ओर्मोन बाइके झारी ठेवून घटकाभर जेवायला घरात गेले. तेवढ्यात तुर्दुबेकचं वासरू चढावर आलं. वासरांना ओलं कापड का आवडतं देव जाणे. गुलाबी टोकाकडून त्याने शांतपणे चघळायला सुरुवात केली, आणि बाइके हाका मारत धावत आले तेव्हा अर्धा मीटर त्याच्या तोंडात होता. त्यांनी दुसरीकडून ओढलं. वासराने इकडून ओढलं. पंचवीस वर्षं जिल्ह्याच्या कुस्त्यांना पंच राहिलेला माणूस तीन महिन्यांच्या वासरापुढे हरला. टर्रकन आवाज झाला आणि वासरू तोंडातला तुकडा घेऊन खाली उधळलं.

मग दोघा शेजाऱ्यांचं जुंपलं.

"तुझं वासरू बांध की रे!"

"चराईच्या जागेत वासरू नाही चरणार तर काय मास्तर चरणार? आणि त्याच्या पोटाला काही झालं तर? काय काय घातलंय त्या कापडावर तुम्ही!"

"त्याच्या पोटाचं काय घेऊन बसलास, माझ्या गळ्याचा विचार कर! रविवारी कापतील तो!"

वासराला काही झालं नाही, हे सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी तुर्दुबेकने तुकडा आणून दाखवला. तो कुठून आणि कसा परत मिळाला ते मी लिहीत नाही.

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघं चढावर उभे होतो. ओर्मोन बाइके पाऊल पाऊल टाकत पांढरा भाग मोजत होते, तुर्दुबेक फाटक्या टोकाला दगड लावत होता. खाली रस्त्यावर मोटार थांबल्याचा आवाज आला. दार उघडलं, आधी काठी बाहेर आली, मग झूराकान आपा.

मी म्हटलं, संपलं. तुर्दुबेक म्हणाला, "मला गाईंचं बघायचंय," आणि खरंच निघून गेला. ओर्मोन बाइके कापडाच्या मधोमध उभे होते. एक पाय अलीकडे, एक पाय पलीकडे. एवढा मोठा माणूस, पण बाकाखाली लपायला जागा शोधणाऱ्या पोरासारखं तोंड झालेलं.

आपा चढ चढून आली. ठेंगणी, हाडकुळी, डोळे मात्र ससाण्याचे. दम घेतला. कापडाकडे बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेली, काठीच्या टोकाने एक चट्टा उचलून पाहिला, आणि परत आली.

"कालच्यापेक्षा बरं आहे," ती म्हणाली.

"का... कालच्यापेक्षा?" ओर्मोन बाइके.

"माझ्या मुलाकडे दुर्बीण आहे. डोंगरातले घोडे मोजायला. रविवारी खिडकीत बसले होते. म्हटलं, लेक गेलीय, जावई एकटा आहे, काय करतो बघावं. तर अंगणात गुलाबी पताका. सोमवारी चट्टेपट्टे. मंगळवारी माझा फेटा शिजत होता. बुधवारी वाटलं, आता जावं. पण म्हटलं थांब, अजून काय काय करतो बघू." तिने काठीवर दोन्ही हात ठेवले. "काल वासराने ओढलं तेव्हा तर मी सुनेला बोलावून दाखवलं. टीव्हीवर इतकं काही नसतं."

"आपा, माझं चुकलं. मी नवीन कापड आणतो. आजच्या आज नारीनला जातो."

"नवीन कापड कडक असतं, मास्तर. ते डोक्यावर बसत नाही, उभं राहतं. मला काय ऐंशीव्या वर्षी डोक्यावर कणगी घेऊन बसायचंय?" मग विचारलं, "पांढरं किती झालंय?"

"नऊ मीटर. सव्वानऊ."

"सलग?"

"सलग. या टोकाकडून."

आपाने मान हलवली आणि रुमाल बांधलेल्या आपल्या डोक्यावर दोन बोटं ठेवली. "हे डोकं केवढं आहे असं वाटतं तुला? बावीस मीटर काय सगळे बाहेरून दिसतात? आत तेरा मीटर माझं गुलाबी असो, हिरवं असो, कोण बघायला येतंय? शेवटचे वेढे पांढरे हवेत. फक्त कुठला डाग कुठे आहे ते गुंडाळताना कुणाला तरी माहीत पाहिजे."

आम्ही दोघींनी ओर्मोन बाइकेंकडे बघितलं. त्या कापडाचा बोटबोट त्यांनी पाच दिवस घासला होता.

शनिवारी शार्कान एजे परतली. तिला सांगितलं की आई येऊन कापड घेऊन गेली. ते खरंच होतं. एजेला मात्र काहीतरी खटकत होतं, कारण नवऱ्याने तिच्या प्रवासाच्या पिशवीतले मळके कपडे स्वतः बाहेर काढले आणि न विचारता रंगाप्रमाणे वेगवेगळे ढीग केले.

"बरं आहे ना तुम्हाला?" तिने विचारलं.

रविवारी सकाळी नदीपलीकडे चढावर तीन तंबू उभे होते, धूर चालला होता, घोड्यांची रांग लागली होती. फेटा गुंडाळायचं काम बायकांचं. एकीने टोक ताणून धरायचं, दुसरीने वेढे घालायचे. शार्कान एजे हात धुऊन पुढे झाली तर आपा म्हणाली, "तू बाहेर जा, पाहुणे बघ. कापड धरायला मास्तरला बोलाव."

"कुणाला?"

"तुझ्या नवऱ्याला. बहिरी झालीस काय बिश्केकला जाऊन?"

तंबूत आम्ही चार बायका आणि ओर्मोन बाइके. त्यांचं डोकं छताच्या काठ्यांना लागत होतं. आपा उशीवर ताठ बसली, आतली टोपी घातली, आणि मी वेढे घालायला लागले. ओर्मोन बाइकेंनी पाच पावलांवर उभं राहून कापड दोन्ही हातांत ताणून धरलं होतं.

"घट्ट धर," आपा म्हणाली. "तुझ्या लग्नात तरी हात इतका कापत नव्हता."

"तेव्हा तुमच्याकडे बघायची हिंमत नव्हती, आपा, म्हणून कापत नव्हता."

बायका फिसकन हसल्या. आपा हसली नाही, पण तिची हनुवटी हलली, आणि माझा एक वेढा घसरला.

"थांब, बुरुल," बाइके म्हणाले, "आता चरबीचा येईल, कानामागे. हां, तो दाबून टाक. पुढे दोन हात साफ आहे. मग ब्लीचचा पहिला. अर्धा वेढा मागे घे... आणखी... बस!" एकही चुकला नाही. डोळे मिटून सांगितलं असतं तरी चाललं असतं. शेवटचे वेढे आले, आता डाग नव्हतेच. पांढरं कापड त्यांच्या हातांतून सरसर निघत गेलं आणि आपाच्या कपाळावर, गालांलगत, हनुवटीखाली चढत गेलं. शेवटचं टोक मी टाचणीने बसवलं. आपाने आरसा मागितला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"जावयाकडून फेटा बांधून घेतलेली बाई या खोऱ्यात मीच पहिली," ती म्हणाली. "जा आता, मेंढी कापायला माणसं कमी आहेत."

ती बाहेर आली आणि सगळं अंगण उभं राहिलं. ऐंशी वर्षांची ती हातभर बाई त्या पांढऱ्या फेट्याखाली डोंगराएवढी दिसत होती. लोक येत होते, हात धरत होते, म्हाताऱ्या बायका फेट्याकडे बघून एकमेकींना म्हणत होत्या, असं धुणं आता राहिलं नाही. शार्कान एजे प्रत्येकीला सांगत होती, "मी नाही हो, मी तर इथे नव्हतेच," आणि त्या ऐकत नव्हत्या.

दुपारी नातवंडांनी आपाला नाचायला ओढलं. तिने दोनच पावलं टाकली, एक गिरकी घेतली, आणि डाव्या कानामागून चार बोटं गुलाबी वेढा बाहेर आला. मी हातातला वाडगा ठेवून उठेपर्यंत शार्कान एजे तिथे पोहोचली होती. तिने आईला मिठी मारली, मिठीतच तो वेढा बोटाने आत खुपसला, स्वतःच्या रुमालाची टाचणी काढून लावली. मग आईच्या खांद्यावरून तिने अंगणभर नजर फिरवली. ओर्मोन बाइके पलीकडे एका घोड्याचा खूर हातात घेऊन फार बारकाईने बघत होते. घोडा परक्याचा होता.

सोमवारी दुकान उघडायला गेले तर शार्कान एजे पायरीवर बसलेली.

"बुरुल," ती म्हणाली, "त्याने तुझ्याकडून काय काय नेलं, सगळं सांग. एक वस्तू गाळायची नाही."

मी सांगितलं. दोन बाटल्या ब्लीच, हातमोजे, भांड्यांचा साबण, पावडर. शाळेचे संडास सांगितले, सर्वसाधारण पिवळं सांगितलं. इस्त्रीपर्यंत आले तेव्हा तिने तोंडावर पदरासारखा रुमाल धरला होता. "चहा ठेवलाय, मोठं भांडं आहे" इथे ती पिठाच्या पोत्यावर बसली, आणि वासरापर्यंत पोहोचले तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं, आवाज येत नव्हता. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले.

"आणि जर्सी?"

"त्या पण फिकट झाल्यात. पोरं म्हणतात, कुस्तीचा संघ आहे की बालवाडी."

ती पुन्हा हसायला लागली. मग एकदम गंभीर झाली, माझा हात धरला.

"मी तुझ्याकडे येऊन हसले हे त्याला सांगायचं नाही हं. मी कालपासून एक अक्षर बोललेले नाही त्याच्याशी. त्याला वाटतंय मी भयंकर रागावलेय. काल रात्रीच्या सगळ्या थाळ्या त्याने घासल्या, आज सकाळी पडदे उतरवून ठेवलेत. खिडक्यांकडे पण बघत होता." ती उठली, कपड्यावरचं पीठ झटकलं. "निदान गुरुवारपर्यंत तरी मी रागावलेली राहणार आहे."

ती मागच्या वाटेने गेली. तासाभराने ओर्मोन बाइके आले. काउंटरवर हात टेकून उभे राहिले आणि हळूच विचारलं, "बुरुल, पडदे कशात धुतात?"

"कुठल्या रंगाचे आहेत?"

"हेच," ते म्हणाले आणि खिशातून चार बोटं कापड काढून माझ्यासमोर ठेवलं. पडद्याच्या आतल्या काठाचं, जिथे दिसणार नाही तिथलं कापून आणलं होतं. "आधी एवढ्यावर करून बघू म्हटलं."

मी थंड पाण्याचा वाडगा आणला, आणि आम्ही दोघं त्यात तो तुकडा बुडवून, रंग सुटतो का ते बघत बसलो.